कारपेंटरचे प्रलयाचे तीन पिक्चर कसे बघावेत: एका सर्व्हेअरची पद्धत

अमेरिकन दिग्दर्शक जॉन कारपेंटरचे तीन पिक्चर आहेत: 'द थिंग' (१९८२), 'प्रिन्स ऑफ डार्कनेस' (१९८७) आणि 'इन द माउथ ऑफ मॅडनेस' (अमेरिकेत १९९५ मध्ये लागला). गोष्टी वेगळ्या, माणसं वेगळी, कथेपुरता एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. तरी कारपेंटर या तिघांना मिळून 'अपोकॅलिप्स ट्रिलजी' म्हणतो. तिन्हींत जग बुडायला आलेलं असतं, आणि बुडवणारा जो कोणी आहे त्याच्या खिजगणतीतही माणूस नसतो.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. सांगली, मिरज, तासगाव, कधी पार जतपर्यंत ठोकलेल्या गाड्या बघत फिरतो. ड्रायव्हर काय सांगतो आणि बंपर काय सांगतो ते जुळतंय का, एवढंच बघायचं असतं. पिक्चरही मी असेच बघतो, आणि या तीन पिक्चरना हीच नजर लागते असं माझं ठाम मत आहे. राक्षस बघायला बसलात तर पहिल्यात मजा येईल, दुसऱ्यात कंटाळा येईल आणि तिसरा डोक्यावरून जाईल. पुरावा बघायला बसा. मग कळतं की तिन्ही पिक्चर एकाच गोष्टीचे तीन टप्पे आहेत: आधी समोरच्या माणसाचा भरवसा जातो, मग पोथी आणि प्रयोगशाळा दोन्ही कुचकामी ठरतात, आणि शेवटी बघणाऱ्याची स्वतःचीच साक्ष टिकत नाही.

म्हणून क्रम बदलू नका. ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने, मध्ये निदान आठवडाभर सोडून. तिन्ही मिळून पाच तासांच्या आसपास होतात, त्यामुळे 'एका रविवारी उडवून टाकू' असा मोह होतो. टाळा. सलग बघितले की तिसऱ्यापर्यंत मेंदू बधिर झालेला असतो, आणि खरी गरज तिसऱ्याला ताज्या मेंदूची आहे. ओटीटीवर हे पिक्चर येतात आणि जातात, तेव्हा शोधताना वर्ष बघून घ्या. 'द थिंग' याच नावाचा २०११ चाही एक आहे, त्यात आधीची कथा सांगितली आहे. तो चुकून आधी लावलात तर १९८२ च्या पिक्चरचं पहिलं अर्धं कोडं फुकट जाईल.

आता टीव्ही. सेटिंगमध्ये जाऊन ते हालचाल गुळगुळीत करणारं, 'मोशन'चं जे काही नाव तुमच्या कंपनीने ठेवलं असेल ते बंद करा. ते चालू राहिलं की सगळ्या पिक्चरची संध्याकाळची मालिका होते. वरखाली काळ्या पट्ट्या येतात म्हणून 'झूम' दाबू नका. कारपेंटर रुंद चौकटीत शूट करतो आणि त्याला जे लपवायचं असतं ते बहुतेक वेळा चौकटीच्या कडेला किंवा मागे ठेवतो. कडा कापल्या की पुरावा कापला. मोबाइलवर बघायचा असेल तर बघूच नका. पंख्याचा आवाज हा आणखी एक शत्रू. आमच्या हॉलमधला पंखा तीनवर खडखडतो, आणि 'द थिंग'च्या पार्श्वसंगीतात जो ठोका आहे तो नेमका त्याच खडखडाटात बुडतो. हेडफोन लावा, नाहीतर थंडीत बघा. डिसेंबर-जानेवारीत रात्री दहानंतर, अंगावर गोधडी घेऊन बघण्यात जी गंमत आहे ती मे महिन्यात नाही.

सबटायटल इंग्रजीच ठेवा. हिंदी डब मिळाला तरी नको. कारण सुरुवातीलाच बर्फावर एक नॉर्वेजियन माणूस जिवाच्या आकांताने काहीतरी ओरडतो, आणि मूळ पिक्चरमध्ये त्याचं भाषांतर दिलेलं नाही. समोरच्या अमेरिकनांना कळत नाही, म्हणून तुम्हालाही कळू द्यायचं नाही, असा हिशोब आहे. अर्थ नंतर शोधा. पिक्चर पूर्ण बघून झाल्यावर शोधलात तर कपाळावर हात मारून घ्याल.

थोडी पूर्वपीठिका माहीत असलेली बरी. या जातीच्या भयाचं मूळ एच. पी. लव्हक्राफ्टकडे जातं, अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावचा लेखक, १८९० ते १९३७. त्याचं भय भुताचं नव्हे. भुताचं तुमच्याशी निदान काहीतरी देणंघेणं असतं, त्याची काहीतरी इच्छा राहिलेली असते, उतारा टाकला की ते वाटेला लागतं. लव्हक्राफ्टकडे जे काही आहे त्याला तुम्ही अस्तित्वात आहात याचाच पत्ता नसतो. त्याची अंटार्क्टिकावरची लांबलचक कथा १९३६ मध्ये 'अस्टाउंडिंग' या मासिकात आली. दोन वर्षांनी त्याच मासिकात जॉन डब्ल्यू. कॅम्पबेलची अंटार्क्टिकावरचीच दुसरी कथा आली, आणि 'द थिंग' त्या दुसऱ्या कथेवर आहे. आपल्याकडे नारायण धारपांच्या समर्थकथा वाचून जे वाढले त्यांनी एक काळजी घ्यायची. प्रकरण कितीही हाताबाहेर गेलं तरी शेवटी समर्थ येतील, हा दिलासा मनात ठेवून आपण वाचत आलो. कारपेंटरकडे समर्थ येत नाहीत. येतो तो दारू पिणारा हेलिकॉप्टर पायलट.

तर 'द थिंग'. अंटार्क्टिकावरचा अमेरिकन तळ, बारा पुरुष, हिवाळ्याचं तोंड. दुसऱ्याच्या शरीरात शिरून त्याची हुबेहूब नक्कल करणारं काहीतरी तळावर आलेलं आहे. कोण कोण अजून माणूस आहे हा प्रश्न.

पहिल्या वेळी काही लिहायला घेऊ नका, नुसता बघा. पण तीन गोष्टींवर डोळा ठेवा. एक म्हणजे कुत्रा. सुरुवातीला हेलिकॉप्टरमधून ज्याच्यावर गोळ्या झाडल्या जातात तो. त्याचं काम करणारा जेड हा लांडगा आणि मॅलम्यूट यांचा संकर होता. तो कॉरिडॉरमधून चालतो ते बघा. वास घेत नाही, शेपूट हलवत नाही, एका खोलीच्या दाराशी थांबून आत बघतो आणि आत जातो. आत भिंतीवर कोणाची तरी सावली असते, तिचं डोकं वळतं, आणि दृश्य संपतं. कोणाची सावली ते कळत नाही. सर्व्हेअरच्या भाषेत सांगायचं तर प्रकरणातला पहिला घोळ तिथे आहे, आणि तो अखेरपर्यंत सुटत नाही.

दुसरी गोष्ट किल्ल्या. मधेच असं होतं की रक्ताच्या पिशव्या फोडलेल्या सापडतात. त्या रक्तावर चाचणी करून खरं-खोटं ठरवायचं होतं. कपाटाचं कुलूप मात्र तोडलेलं नाही. म्हणजे किल्ली वापरली. किल्ली कोणाकडे? तळप्रमुख गॅरीकडे. डॉक्टर ती मागून घेतो आणि परत देतो. सगळे एकमेकांवर ओरडायला लागतात. माझ्याबरोबर हा पिक्चर बघणारा माझा गॅरेजवाला मित्र, ज्याला इंग्रजी अर्धंमुर्धं कळतं, तो या ठिकाणी ताठ बसला. "अरे थांब," म्हणाला, "मघाशी तो गॉगलवाला किल्ल्या घेऊन आला होता ना? त्याच्या हातून पडल्या." रिवाइंड करून बघितलं तर खरंच. बेनिंग्स या सहकाऱ्याची अवस्था बघून विंडोजच्या (तो गॉगलवाला, त्याचं नावच विंडोज) हातातून किल्ल्यांचा जुडगा खाली पडतो, आवाजही येतो, आणि तो पळत सुटतो. मग तो जुडगा किती वेळ तिथे होता, कोणी उचलला, यावर पिक्चर एक अक्षर बोलत नाही. गॅरेज चालवणाऱ्याला किल्ल्या दिसल्या, कारण त्याच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या किल्ल्या सांभाळणं हेच अर्धं काम. तेव्हा बरोबर बसायला सिनेमाचं शिकलेला माणूसच पाहिजे असं नाही. वस्तू सांभाळणारा माणूस पाहिजे. कोठीवाला, कॅशियर, नर्स, कोणीही.

तिसरी गोष्ट बुद्धिबळ. नायक मॅक्रेडी पहिल्यांदा दिसतो तेव्हा कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळत असतो. हरतो, आणि ग्लासातली व्हिस्की मशीनमध्ये ओततो. लोक हसतात आणि पुढे जातात. हसा, पण लक्षात ठेवा: डाव हरतोय म्हटल्यावर पटच उधळून लावणारा हा माणूस आहे. शेवटच्या वीस मिनिटांचा सगळा तर्क त्या एका ग्लासात आहे.

रक्ताच्या चाचणीचा प्रसंग आला की फोन उलटा ठेवा. काचेच्या बशीत प्रत्येकाचं रक्त, आणि तापवलेली तार एकेका बशीत बुडवायची. माणसाचं रक्त नुसतं चर्रर्र करील, त्या दुसऱ्याचं जीव वाचवायला बघेल. कारपेंटर इथे घाई करत नाही. तार लाल होते, चर्र आवाज येतो, पुढची बशी. पुन्हा तार, पुन्हा चर्र. तिसऱ्या-चौथ्या बशीपर्यंत तुम्हाला त्या आवाजाची सवय लावली जाते. मेलेल्यांचंही रक्त तपासलं जातं, आणि तो निकाल लागल्यावर कोण कोणाला काय म्हणतं ते नीट ऐका. राक्षस ओळखण्याच्या भानगडीत माणसांच्या हातून काय झालेलं आहे ते त्या एका वाक्यात बाहेर येतं.

किळसवाण्या दृश्यांना घाबरू नका, पण रिकाम्या पोटी किंवा भरल्या पोटी, दोन्ही अवस्थांत बघू नका. मधली अवस्था शोधा. ती सगळी करामत रॉब बॉटीन या जेमतेम विशी ओलांडलेल्या पोराची आहे. रबर, फोम लॅटेक्स, जेली, तारा आणि खाली दडून बसलेली माणसं. कॉम्प्युटरचा हात कुठे नाही. काम इतकं अंगावर आलं की कुत्र्यांच्या पिंजऱ्यातल्या प्रसंगासाठी स्टॅन विन्स्टनची मदत घ्यावी लागली. आज बघताना एखादी गोष्ट रबराची आहे हे कळतं. तरी ती वस्तू खरोखर त्या खोलीत, त्या माणसांसमोर होती, हेही कळतं.

दुसऱ्यांदा बघाल तेव्हा वही घ्या. बारा नावं एकाखाली एक, समोर दोन रकाने: शेवटचा कधी दिसला, आणि तेव्हा बरोबर कोण होतं. मी हा तक्ता केलेला आहे. तो पूर्ण होत नाही. तीन ठिकाणी मोठी भगदाडं राहतात आणि ती कारपेंटरने जाणून ठेवलेली आहेत. शेवटच्या दृश्यात अमुक माणसाच्या तोंडातून वाफ येते की नाही यावर लोक वर्षानुवर्षं भांडताहेत. त्या भांडणात पडू नका. त्याआधी तळाबाहेर बर्फात जो नकली माणूस किंचाळतो त्याच्या तोंडातूनही वाफ निघतेच, म्हणजे ती खूण मुळातच निकामी आहे.

एक आकडा मात्र वहीत लिहा. जीवशास्त्रज्ञ ब्लेअर कॉम्प्युटरवर हिशोब मांडतो: हे मानवी वस्तीपर्यंत पोचलं तर पहिल्या संपर्कापासून २७,००० तासांत सगळी लोकसंख्या गिळंकृत. भागाकार केला तर तीन वर्षं आणि वर महिनाभर. कारपेंटरच्या जगबुडीत आगीचे लोळ नाहीत. टेबलावरच्या हिरवट स्क्रीनवर एक आकडा येतो, आणि तो वाचणारा माणूस ड्रॉवरमधून पिस्तूल काढतो.

हा पिक्चर २५ जून १९८२ ला लागला. दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा गोड परग्रहवासी 'ई.टी.' थिएटरात आलेला होता. लोकांना तो आवडला, हा नाही. समीक्षकांनी झोडपलं, एन्यो मोरिकोनेच्या संगीताला तर वर्षातल्या सर्वांत वाईट संगीताच्या 'रॅझी'चं नामांकन मिळालं. ते संगीत आता ऐका आणि ठरवा.

'प्रिन्स ऑफ डार्कनेस'वर मी थोडक्यात बोलणार, कारण तो तिघांत अशक्त आहे. लॉस एंजेलिसमधलं एक बंद पडलेलं चर्च, तळघरात काचेची उंच बरणी, आत हिरवा द्रव गरगर फिरतोय. एक पाद्री भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला बोलावतो, प्राध्यापक विद्यार्थ्यांना आणि यंत्रांना घेऊन येतो. नटमंडळी काही ठिकाणी पोस्टऑफिसात रांगेत उभी असल्यासारखी बोलतात. सुरुवातीची नावं तर इतकी सावकाश येतात की गोष्ट बरीच पुढे गेली तरी नावं चालूच. उठून चहा टाकू नका. नावांच्या मागे जे चाललेलं असतं, मुंग्या, दिवसाचा चंद्र, फुटपाथवर नुसती उभी राहून एका दिशेला बघणारी माणसं, तोच पिक्चरचा पाया आहे.

हा पिक्चर कानांनी बघायचा. कारपेंटर आणि अ‍ॅलन हॉवर्थ यांचा सिंथेसायझर जवळजवळ थांबतच नाही. तो कधी थांबतो तेवढं टिपा. दुसरं म्हणजे स्वप्न. चर्चमध्ये जो झोपेल त्याला एकच स्वप्न पडतं: चर्चचं दार, हलता कॅमेरा, दारात एक काळी आकृती आणि घोगरा आवाज. तो सांगतो की हे स्वप्न नाही, भविष्यातून, १९९९ सालातून, पाठवलेलं प्रक्षेपण आहे. दर वेळी ते थोडं पुढे सरकतं. हा भाग व्हिडिओवर घेऊन, टीव्हीवर लावून, त्या टीव्हीचं पुन्हा चित्रीकरण केलेलं आहे, म्हणून त्यात तो मुंग्या आल्यासारखा दाणेदारपणा आहे. दूरदर्शनच्या काळात अँटेना फिरवलेल्यांना तो पडदा बघून वेगळं काही सांगावं लागणार नाही. दर वेळी आकृती किती स्पष्ट झाली तेवढं बघत राहा. पाद्री आणि प्राध्यापक दोघंही आपापल्या ग्रंथांनिशी तिथे उभे आहेत आणि दोघांनाही कळून चुकतं की शतकानुशतकं सांभाळलेली कागदपत्रं खरी आहेत, फक्त त्यांचा अर्थ आपण सोयीने लावला होता.

तिसऱ्याकडे येऊ. 'इन द माउथ ऑफ मॅडनेस'चा नायक जॉन ट्रेंट विम्याचा तपासनीस आहे. सॅम नीलने तो असा केलाय की मला आमच्या लाइनमधली निदान चार माणसं आठवली: सिगरेट, अर्धवट हसू, समोरचा खोटं बोलतोय हे आधीच ठरवून आलेले डोळे. आगीचा क्लेम घेऊन आलेल्या माणसाला तो दोन प्रश्नांत गुंडाळतो. मग त्याच्याकडे एका प्रकाशकाचं काम येतं. सटर केन नावाचा, प्रचंड खपणारा भयकथा लेखक बेपत्ता आहे, शोधा. ट्रेंटला वाटतं ही जाहिरातबाजी आहे. मलाही तसंच वाटलं असतं.

सुरुवातीच्या हॉटेलातल्या प्रसंगात बोलणाऱ्यांकडे बघू नका, त्यांच्यामागच्या काचेतून रस्त्यापलीकडे बघा. दोघं कामाचं बोलत बसलेत आणि मागे, लहानसा, कुऱ्हाड घेतलेला माणूस रस्ता ओलांडून येतोय. कॅमेरा तुम्हाला ते दाखवायला हलत नाही. काळ्या पट्ट्या कापू नका म्हणालो ते यासाठी.

पुढे ट्रेंट केनच्या पुस्तकांची मुखपृष्ठं कापून एकमेकांना जोडतो आणि त्यातून न्यू हॅम्पशायरचा नकाशा निघतो, नकाशात नसलेल्या गावासकट. अस्सल तपासनिसाचं काम. आणि इथूनच पिक्चर त्याला खड्ड्यात घालतो, कारण हा पुरावा शोधलेला नसून पेरलेला असू शकतो. रात्री गाडी चालवतानाचा सायकलवाला, हॉब्स एंड गावातल्या हॉटेलच्या भिंतीवरचं चित्र, काउंटरवरची प्रेमळ म्हातारी. त्या हॉटेलचं नाव पिकमन, लव्हक्राफ्टच्याच एका कथेतल्या चित्रकाराचं. भिंतीवरच्या चित्राकडे दर वेळी ट्रेंटच्या आधी बघा.

या पिक्चरला वही घेऊन बसू नका. तक्ता करायला गेलात की तुमचा ट्रेंट होतो. कोणतं दृश्य खरं, कोणतं पुस्तकातलं, हे जुळवण्याचा नाद सोडून फक्त एवढं बघा की ट्रेंट "हे खोटं आहे" हे वाक्य कोणत्या आवाजात म्हणतो. सुरुवातीला तो ते समोरच्याला सुनावतो. शेवटी शेवटी स्वतःला सांगतो. साक्षीदाराचा आवाज असा बदलला की आम्ही जबाब तिथेच थांबवतो आणि पाणी मागवतो. पिक्चर थांबवत नाही. शेवट थिएटरमध्ये होतो, त्याहून जास्त सांगणार नाही. पण तो शेवट खोलीतले दिवे बंद ठेवून बघा आणि लगेच टीव्ही बंद करू नका.

तिन्ही झाल्यावर भूक राहिली तर लोक 'द फॉग' (१९८०) सुचवतात. चांगला आहे, पण ती सरळ सूड घेणाऱ्या भुतांची गोष्ट आहे, या रांगेत बसत नाही. रांगेत बसतो तो कारपेंटरने २००५ मध्ये 'मास्टर्स ऑफ हॉरर' या मालिकेसाठी केलेला 'सिगारेट बर्न्स'. एका गायब झालेल्या पिक्चरची रिळं शोधायला निघालेला माणूस, आणि तो पिक्चर ज्यांनी बघितला त्यांचं काय झालं ते. तासाभराचा आहे. रक्तपात 'द थिंग'पेक्षा जवळून दाखवलेला आहे, तेव्हा घरातली लहान पोरं झोपल्याशिवाय आणि जेवणाची ताटं उचलल्याशिवाय लावू नका.